युलानच्या बाबांची लाल शाई

बुकित बातोक, सिंगापूर
९ जानेवारी २००५

प्रिय एकताताई,
सप्रेम जय भीम.

पत्र शाळेच्या पत्त्यावर कसं आलं म्हणून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. नोकरी शाबूत आहे, तुआसच्या कारखान्यातली यंत्रं कुरकुरत का होईना चालू आहेत. फोनवर बोलायला लागलो की आई तुझ्या शेजारी कान लावून उभी असते, आणि ही गोष्ट तिला इतक्यात कळायला नको. म्हणून हा उद्योग.

एक मुलगी आहे. घे, लिहून टाकलं. तिचं नाव युलान. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. दीड वर्षापूर्वी माझा अंगठा मशीनमध्ये सापडला होता, तुम्हाला 'जरा खरचटलंय' म्हणून सांगितलं होतं तेच. ड्रेसिंग तीच करायची. चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या एका लहान गावची आहे. तिचं इंग्रजी ड्रेसिंगपुरतं, माझं चिनी शून्य. इथल्या फोनवर चिनी लिहिता येतं. रोमन अक्षरांत उच्चार दाबायचा, की खाली चिनी अक्षरांची रांग लागते, त्यातलं हवं ते उचलायचं. तिने मला उच्चार शिकवले, अक्षरं ओळखायला शिकवलं, आणि मी टाइप करत सुटलो. बसमध्ये, लिफ्टच्या रांगेत, जेवताना, कुठेही. ताई, मी कुणाशी इतकं बोललो नसेन आयुष्यात. तू म्हणायचीस ना, प्रीतमला चिमटा काढल्याशिवाय शब्द फुटत नाही. इथे अंगठा दुखेपर्यंत बोलत होतो, आणि तोही जखमी अंगठा.

नोव्हेंबरमध्ये तिच्या वडिलांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. आई नाही, भावंडं नाहीत. ती नोकरी सोडून गावी गेली. आम्हाला लग्न करायचं आहे, पण वडिलांच्या होकाराशिवाय ती पाऊल उचलणार नाही, आणि मीही तिला तसं करायला सांगणार नाही. ते निवृत्त मास्तर आहेत. जन्मभर गावातल्या पोरांना कुंचल्याने अक्षर गिरवायला शिकवलं. युलान म्हणाली, त्यांना पत्र लिही. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छान दोन पानं टाइप केली, प्रिंट काढलं, पाठवलं. त्यांनी ते उघडून परत पाकिटात घातलं आणि तिला विचारलं, "मुलाला हात नाहीत का?"

मग मी पेन घेऊन बसलो. आणि ताई, मला एक अक्षर लिहिता आलं नाही. जे शब्द दिवसभर टाइप करतो ते कागदावर कुठून सुरू करायचे हेच माहीत नाही. समोर आले की ओळखतो, पण हाताला त्यांची ओळखच नाही. फार लाज वाटली.

आईला काही बोलू नकोस. तुला काय वाटतं ते मात्र लिही. शिव्या घालायच्या असतील तर त्याही.

तुझा,
प्रीतम

•

नागपूर
२३ जानेवारी २००५

प्रिय प्रीतम,
जय भीम.

शाळेच्या शिपायाने सिंगापूरचं तिकीट बघून आख्ख्या स्टाफरूमला पाकीट दाखवलं. बायका विचारतायत भावाने काय पाठवलं. काय सांगू, चिनी वहिनी?

शिव्या नंतर घालीन, आधी अंगठ्याबद्दल घालते. इतकं लागलं आणि आम्हाला 'खरचटलं'? तू आम्हाला काय समजतोस?

आता मुलीबद्दल. मी काही जुन्या वळणाची नाही हे तुला माहीत आहे. बाबांनी आपल्याला माणसाची जात विचारायला शिकवलं नाही, तेव्हा देश तरी कशी विचारू? पण मला भीती वाटते रे. ती तिथे, तू तिसऱ्याच देशात, आणि आम्ही इथे. सणावाराला तू येशील तो दोन दिवसांचा पाहुणा. बाबा गेल्यापासून आई रोज ताट वाढताना एकदा तुझं नाव घेते. इकडे तिने आपल्याच नागपुरातल्या इंदोऱ्याचं एक स्थळ मनात धरलंय. संजीवनी नाव, बँकेत आहे, शांत आणि हुशार. मी तुझ्या वतीने काहीच बोलले नाही अजून.

एक मात्र सांगते, मास्तरीण म्हणून. मुलीचे वडील बरोबर बोलले. टाइप केलेल्या कागदावरून मला तरी माणूस कळत नाही. माझ्या वर्गातलं पोर घरी रडून आलंय की खेळून, ते मला त्याच्या वहीतल्या ओळीवरून दिसतं. बस आणि गिरव. तू पहिलीत 'ळ' काढायला तीन महिने घेतले होतेस, पण काढलास.

फोटो पाठव तिचा.

ताई

•

बुकित बातोक
१३ मार्च २००५

प्रिय ताई,

फोटो सोबत आहे. डावीकडची. उजवीकडे मी आहे हे सांगायला नको.

गेले दोन महिने मी पहिलीत आहे. खालच्या दुकानातून इथली शाळकरी पोरं वापरतात तशी चौकोनांची वही आणली. कामावरून आलो की जेवायचं आणि वही उघडायची. फोनवर शब्द टाइप करायचा, पडद्यावर आला की बघून कागदावर उतरवायचा. पण पडद्यावर आडव्याउभ्या रेघांचं जंगल दिसतं, कुठली रेघ आधी ते दिसत नाही. मी आपला भिंतीवर घराचं चित्र काढावं तसा काढत होतो. माझे घरमालक, लिम अंकल, एकदा मागून बघून गेले आणि म्हणाले, "तू लिहीत नाहीस, तू बांधकाम करतोयस लाह." ('लाह' ही इथल्या बोलण्यात प्रत्येक वाक्याची शेपटी.) पण त्यांना काय चाललंय ते सांगितलं नाही. माझ्या खोलीचं भाडं ठरवताना त्यांनी विचारलं होतं, पाहुणे येणार का, मुली येणार का. आता चिनी मुलीसाठी चिनी गिरवतोय म्हटलं तर सगळ्या ब्लॉकमध्ये गाजेल.

युलानशी बोलणं पूर्वीसारखं होत नाही. ती गावच्या दवाखान्यात कामाला लागली आहे, मधल्या वेळेत वडिलांना उठवते, बसवते, भरवते. दोन ओळी येतात. "आज ते खिडकीपर्यंत चालले." "आज पाऊस." मी बसमध्ये त्या दोन ओळीच परत परत वाचतो. पूर्वी नोव्हेनाला उतरून तिची शिफ्ट संपायची वाट बघायचो. आता काम नसताना तिथे उतरतो आणि पुढच्या गाडीने परत येतो. तू हसशील. हस.

परवा पान पूर्ण झालं. एकच पान. मी कोण, काम काय करतो, बाबा रेल्वेत होते, आता आई आणि तू आहात, आमच्याकडेही भात खातात, आणि तुमच्या मुलीची मी वाट बघतोय. खूप अक्षरं वाकडी आहेत. पण सगळी माझ्या हातची आहेत. ताई, त्यांनी हो म्हटलं तर मी लगेच आईशी बोलेन. नाही म्हटलं तर मला काय करावं ते खरंच कळणार नाही. आज टपालात टाकलं.

प्रीतम

•

बुकित बातोक
१७ एप्रिल २००५

ताई,

पान परत आलं.

पाकिटावर युलानचं अक्षर नाही, बहुतेक त्यांनी शेजाऱ्याकडून परस्पर टाकून घेतलं. आत माझंच पान आहे आणि त्यावर लाल शाईचे गोल. एकदोन नाहीत, पानभर. मी लिहिलेल्या 'बहीण' शब्दाला गोल, 'भात'ला गोल, 'वाट बघणे'ला गोल. तिच्या नावालासुद्धा गोल. तेवढं तरी नीट लिहिलं असेन असं वाटलं होतं. खाली कुंचल्याने काहीतरी एक ओळ खरडली आहे, तीही लाल. हाताच्या वळणाची, एकात एक गुंतलेली. मला फक्त पडद्यावरची सरळ अक्षरं वाचता येतात, ही ओळ लागत नाही. लिम अंकलना दाखवायचा धीर झाला नाही. आणि वाचून तरी काय करू? पानभर चुका दाखवल्यावर खाली कौतुक कोण लिहितं?

युलानने विचारलं, "बाबांचं उत्तर मिळालं का?" मी लिहिलं, "मिळालं. समजलं." ती म्हणाली, "मग?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिलाही माहीत असणार त्यांनी काय केलं ते, आणि तरी मलाच विचारते. तू शिक्षिका आहेस. मला खरं काय ते सांग. हा माणूस मला परत लिही म्हणतोय, की तोंड दाखवू नकोस म्हणतोय?

प्रीतम

•

नागपूर
२८ एप्रिल २००५

प्रिय प्रीतम,

परवापासून शाळेला सुट्टी लागतेय, म्हणून घाईने लिहिते.

खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. मी अठरा वर्षं वह्या तपासतेय. ज्या पोराला शिकवावंसं वाटतं त्याच्या दोनचार चुकांनाच गोल करते, बाकीच्या सोडून देते, नाहीतर ते लिहायचंच सोडेल. पानभर गोल मी कधी केले असतील तर रागाने. तेव्हा मला त्या पोराचं अक्षर नाही, ते पोरच नको झालेलं असतं. पक्षाघात झालेला म्हातारा माणूस, एकुलती एक मुलगी, आणि तिला मागायला परक्या देशातला कुणीतरी. त्यांच्या मुलीच्या नावालाही त्यांनी लाल शाई लावली, याहून स्पष्ट काय लिहायचं त्यांनी?

मला वाईट वाटतंय तुझ्यासाठी. फोटो मी रोज बघते, गोड आहे पोरगी. पण बापापासून ओढून आणलेली सून आपल्या आईलाही नको असेल. तिला आणखी पेचात टाकू नकोस. तू माणूस म्हणून चांगला आहेस, चांगला निरोप घे.

आणि घरी ये. एकदा संजीवनीला भेट. बळजबरी नाही.

तुझी,
ताई

•

बुकित बातोक
३ जुलै २००५

प्रिय ताई,

मे महिन्यातच तिला लिहिलं, "आपण इथेच थांबू या." टाइप करायला अजिबात वेळ लागला नाही. पहिलं अक्षर दाबलं की पुढचं फोन आपणच सुचवतो. तिचं उत्तर आलं नाही.

फोनचं एक आहे, तो शिकत असतो. आपण जे शब्द जास्त वापरतो ते रांगेत पुढे आणून ठेवतो. परवा ऑफिसातल्या चिनी सुपरवायझरला 'पावसामुळे उशीर होईल' असं कळवत होतो, तर पावसाला चिनीत 'यु' म्हणतात, तो दाबताच युलानचं नाव पुढे आलं. मी तिथेच उभा राहिलो. बस निघून गेली.

आईला सांग, संजीवनीला भेटायला माझी हरकत नाही. तुम्ही बोलणी करा. मी ऑक्टोबरमध्ये येतो.

प्रीतम

•

नागपूर
१४ ऑगस्ट २००५

प्रिय प्रीतम,

आईची तब्येत एकदम सुधारली आहे. कंबर दुखत नाही, गुडघे दुखत नाहीत, आणि दोनदा बाजारात जाऊन आली. फोनवर तू संजीवनीशी दोनदा बोललास ते तिच्या घरच्यांना आवडलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पुढच्या रविवारी, १६ ऑक्टोबरला, साखरपुडा करायचा घाट घातलाय. हॉल छोटाच घेतला आहे.

फोनवर तू फारच शहाण्यासारखा बोलतोस. प्रत्येक गोष्टीला 'चालेल'. मला तू भांडलास तर बरं वाटेल. शर्ट कुठल्या रंगाचा, एवढ्यावरून तरी भांड.

ताई

•

बुकित बातोक
११ सप्टेंबर २००५

ताई,

हे पत्र बसून वाच, आणि आईपासून लांब.

लिम अंकलनी माझ्या खोलीला रंग काढायचा म्हणून मला सामान एका बाजूला करायला सांगितलं. मी कपाट रिकामं करत होतो, ते मदतीला आले. चौकोनांच्या वहीतून ते पान खाली पडलं. त्यांनी उचललं. मी हिसकावून घेणार होतो, पण ते चष्मा लावून वाचायलाच लागले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा मास्तर कोण? मला शाळेच्या सहा वर्षांत इतके गोल नाही मिळाले."

मला कळेना. ते म्हणाले, अरे, गोल म्हणजे शाबासकी. त्यांच्याकडे मास्तर पोरांची अक्षरं तपासतो तेव्हा जे अक्षर जमलं त्याला लाल गोल करतो. चुकलेल्याला काही करत नाही, नुसतं सोडून देतो. शाळेतून घरी गेल्यावर आजी पहिलं विचारायची, आज किती गोल? मी त्यांना परत विचारलं, परत विचारलं. शेवटी ते वैतागले आणि म्हणाले, तुमच्या इंडियात काय मारतात की काय लाह?

मग मी ती खालची ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली, अगदी सहज, इथल्या बसच्या पाटीसारखी. "हाताला वळण आहे. पुढचं पान कधी?"

ताई, एप्रिलमध्ये आलंय ते. आता सप्टेंबर आहे. तो माणूस एका हाताने कुंचला धरून मला पुढचं पान कधी म्हणून विचारतोय, आणि मी त्याच्या मुलीला इथेच थांबू म्हणून कळवलं. फोनवर. टाइप करून.

तिचा नंबर बंद आहे. तिच्या जुन्या मैत्रिणीही हॉस्पिटल सोडून गेल्यात, कुणाकडे पत्ता नाही. फक्त त्या पाकिटावरचा गावचा पत्ता आहे. मी त्याच दिवशी बसलो आणि पुढचं पान लिहिलं. काय झालं ते सगळं सांगितलं, आमच्याकडे लाल गोल म्हणजे काय ते सांगितलं, माफी मागितली. आठवडाभर लागला. काल टाकलं. पोचेल की नाही, वाचतील की नाही, तिचं लग्न ठरलं असेल की काय, काहीच माहीत नाही.

तुला दोष देत नाही. तू विचारल्यावर सांगितलंस. मी घाबरलो नसतो तर ती ओळ कुणाकडूनही वाचून घेतली असती. पण १६ ऑक्टोबरला मी हॉलमध्ये उभा राहू शकत नाही. तिकडून उत्तर आलं नाही तरीही नाही. संजीवनीला मी स्वतः फोन करणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं म्हणून हे लिहिलं. आईचं काय करायचं ते मला सुचत नाही.

प्रीतम

•

नागपूर
२२ सप्टेंबर २००५

प्रीतम,

तुझं पत्र मी मधल्या सुट्टीत वाचलं. पुढच्या तासाला चौथीच्या वह्या तपासायच्या होत्या. लाल पेन उचललं आणि परत ठेवून दिलं. पोरं म्हणाली, बाई, काय झालं? मी त्यांना वाचन करायला लावलं.

तू दोष देत नाहीस, पण मला तो झटकता येत नाही. मला तू घरी हवा होतास. गोल बघायच्या आधीच माझं उत्तर तयार होतं. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर रडायला येईल.

संजीवनीला तू फोन करायच्या आधी मी गेले. मोठी बहीण असून घरात लपून कशी बसू? तिच्या आईने मला पाणीही विचारलं नाही, आणि बरोबर केलं. संजीवनी मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "ताई, बरं झालं आधी कळलं. दोनदा फोनवर बोलले त्यांच्याशी, दोन्ही वेळा वाटलं समोर कुणी नाहीच." तू तिला फोन कर मात्र. तेवढं तिचं देणं लागतोस.

आईला रात्री न सांगता सकाळी सांगितलं, दिवस तरी हाताशी असतो. आधी तिने भांडी घासली, ओटा पुसला. मग भिंतीकडे तोंड करून रडली. दुपारी मी फोटो तिच्या हातात दिला. बराच वेळ बघून विचारलं, "हिचे वडील आता कसे आहेत?" मी म्हटलं माहीत नाही. तर मलाच रागावली, म्हणे तुम्हा दोघांना काही माहीतच नसतं.

उत्तर आलं की फोन कर. कोण शेजारी उभं आहे ते बघू नकोस.

ताई

•

बुकित बातोक
६ नोव्हेंबर २००५

प्रिय ताई आणि आई,

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. ताई, आईला वाचून दाखव, काही गाळू नकोस.

युलानचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, चार पानं. मला अर्धं लागलं, अर्धं लिम अंकलनी वाचलं. मध्येच त्यांनी चष्मा पुसला, मग पुढे वाचायला लागले.

ऑगस्टमध्ये तिच्या वडिलांना दुसरा झटका आला. आता उजवा हातही हलत नाही, बोलणं तुटक येतं. एप्रिलपासून ते रोज विचारायचे, सिंगापूरचं टपाल आलं का? मी थांबू या म्हटल्याचं तिने त्यांना सांगितलंच नाही. रोज म्हणायची, तिकडचं टपाल सावकाश येतं. ते म्हणायचे, नसेल जमत त्याला, पुढची अक्षरं अवघड असतात. स्वतःची नोकरी, बापाचं आजारपण, माझा निरोप, आणि वर हे खोटं, असे पाच महिने तिने काढले.

मग माझं पान गेलं. तिने त्यांना सगळं खरं सांगितलं. लाल गोलाची गोष्ट ऐकून ते हसले, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू हसली असं ती लिहिते. मग कुंचल्याकडे बघत राहिले. तिने शाई घोटली, कुंचला त्यांच्या बोटांत ठेवला आणि वरून आपला हात धरला. ती म्हणते, कुठे न्यायचा ते तेच ठरवत होते, मी फक्त वजन पेललं.

माझं ते पान तिने पत्रासोबत परत पाठवलं आहे. माझ्यासमोर आहे. एवढ्या मोठ्या पानावर या वेळी एकच गोल आहे. वाकडा आहे, खाली जाऊन फुटला आहे, शाई ओघळली आहे. मी सगळ्यात शेवटी, सही म्हणून, चिनी अक्षरांत माझं नाव लिहिलं होतं. तो गोल माझ्या नावाभोवती आहे.

युलान अजून रागावलेली आहे. तिने तसं सरळ लिहिलंय. "थांबू या म्हणताना तू मला एकदाही विचारलं नाहीस. ते मी विसरलेले नाही. ये, मग भांडू." नवा नंबर दिलेला नाही.

मला रजा मिळाली आहे. १९ तारखेला तिच्या गावी जायला निघतो. आई, तू तिच्या वडिलांबद्दल विचारलं होतंस, त्यांच्यासाठी काय न्यायचं ते तूच सांग.

तुमचा,
प्रीतम